जखम भरली, पण वण आखडतोय? कधी थांबायचं आणि कधी लगेच प्लास्टिक सर्जनला दाखवायचं

गावाकडं भाजणं-कापणं काही नवीन नाही. अंघोळीचं उकळतं पाणी, चुलीवरचं पातेलं, गुऱ्हाळावरची काहील, कडबाकुट्टी, मळणी मशीन, मोटारसायकलचा सायलेन्सर, विहिरीवरच्या मोटारीची वायर, दिवाळीतले फटाके. वर्षभरात गावात यातलं काही ना काही घडतंच. धावपळ होते, दवाखाना होतो, महिना-दीड महिन्यानं जखम भरते आणि घरचे म्हणतात, "सुटलो बाबा एकदाचे."

पण खोल भाजलेल्या माणसाचं दुसरं दुखणं तिथूनच सुरू होतं. जखमेच्या जागी वण येतो. तो लाल होतो, खाजतो, फुगतो आणि हळूहळू आजूबाजूची कातडी ओढून घेतो. मान खाली खेचली जाते, काख चिकटते, पोराची बोटं तळहाताकडं वळतात. तरीही "प्लास्टिक सर्जरी म्हणजे सिनेमातल्या लोकांचं काम" किंवा "मोठा झाला की बघू" असं म्हणून वर्षं निघून जातात. नंतर दाखवलं तर डॉक्टरांनाही हात पूर्ण सरळ करता येत नाही.

सगळ्या वणांना ऑपरेशन लागत नाही. बहुतेक वणांना नुसता वेळ आणि काळजी पुरते. मात्र काही वण असे असतात की तिथं थांबणं म्हणजे हात, डोळा किंवा कधी जीव गमावणं. हा फरक घरच्या घरी कसा ओळखायचा, ते पाहू.

प्लास्टिक सर्जरीत प्लास्टिक नसतं

पहिला गैरसमज नावातूनच होतो. या ऑपरेशनमध्ये प्लास्टिकचा तुकडा बसवत नाहीत. 'प्लास्टिक' हा शब्द मूळच्या ग्रीक शब्दावरून आला आहे आणि त्याचा अर्थ आकार देणं, घडवणं असा होतो. कुंभार मातीला आकार देतो तसं सर्जन माणसाच्या स्वतःच्याच कातडीला आणि मांसाला आकार देतो.

दुसरी गोष्ट म्हणजे ही विद्या आपल्याकडं जुनीच आहे. नाक तुटलं तर गालाची कातडी वळवून नवीन नाक कसं करायचं, हे सुश्रुतसंहितेत सांगितलेलं आहे. इंग्रजांच्या फौजेत बैलगाडी हाकणाऱ्या कावसजी नावाच्या माणसाचं नाक टिपू सुलतानाच्या लोकांनी कापलं होतं. पुण्याजवळच्या वीट बनवणाऱ्या समाजातल्या एका कारागिरानं कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवीन नाक बसवलं. ही हकिकत १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये चित्रासह छापून आली आणि त्यानंतर विलायतेतले सर्जन तसं ऑपरेशन करायला शिकले.

तिसरा गैरसमज असा की ऑपरेशन केलं की वण पुसून जातो. तसं होत नाही. कातडीच्या खोल थरापर्यंत इजा गेली की वण राहतोच. तो बारीक करता येतो, दुमडीत लपवता येतो, त्याची दिशा बदलता येते, त्याची ओढ सोडवता येते. "डाग शंभर टक्के गायब" अशी जाहिरात कुणी करत असेल तर तिथं पैसे घालवण्याआधी दहा वेळा विचार करावा.

वण पिकायला वर्ष लागतं

जखम झाली की शरीर ती बुजवण्यासाठी कोलॅजन नावाचे धागे भराभर तयार करतं. सुरुवातीला हे काम घाईचं असतं, धागे कसेही आडवे-तिडवे पडतात. त्यामुळं पहिले तीन ते सहा महिने वण लाल, कडक, फुगलेला आणि खाजरा दिसतो. घरच्यांना वाटतं, बिघडतंय. पण पुष्कळदा हा वण पिकण्याचा भागच असतो. पुढं शरीर जुने धागे काढून नवे नीट बसवत जातं. लाली कमी होते, वण मऊ आणि सपाट होतो. याला साधारण एक ते दीड वर्ष लागतं.

म्हणून साधा वण असेल, कुठं ओढत नसेल, अवयव नीट हलत असेल, तर सर्जनही सांगतात की वर्षभर थांबा. कच्च्या वणावर चाकू चालवला तर नवीन वण पहिल्यापेक्षा वाईट होऊ शकतो. वर्षानंतर जे उरेल ते बघून सुधारायचं की नाही हे ठरवता येतं.

जखम किती दिवसांत भरली यावरूनही वणाचा अंदाज येतो. दोन आठवड्यांच्या आत भरलेल्या भाजण्याचा वण सहसा किरकोळ राहतो. तीन आठवडे उलटूनही जखम भरली नाही, तर तिथं जाड आणि आखडणारा वण येण्याची शक्यता खूप वाढते. अशी जखम ड्रेसिंग करत महिनोन्‌महिने ठेवू नये. तिथं वेळेत मांडीची पातळ कातडी काढून लावली, तर पुढचं बरंच दुखणं टळतं. म्हणजे प्लास्टिक सर्जनकडं जायची पहिली वेळ वण आल्यावर नव्हे, त्याआधीच येते: तीन आठवड्यांत न भरणारी भाजलेली जखम.

चेहऱ्यावर काप गेला असेल तर तेही थांबण्याचं काम नाही. ओठाची कड, पापणी, कान किंवा नाकपुडी फाटली असेल तर त्याच दिवशी दाखवावं. पहिले टाके नीट जुळून बसले तर पुढचा वण बारीक राहतो. कुत्रा चावला असेल तर जखम साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुवून रेबीजची लस आणि जखमेत द्यायचं इंजेक्शन आधी, टाक्यांचं काय करायचं ते डॉक्टर ठरवतील.

थांबायचं नाही असे सहा वण

पुढच्या सहापैकी एकही गोष्ट दिसली, तर "वर्षभर थांबा" हा नियम लागू नाही.

*एक, सांध्यावर ओढ येणारा वण.* मान, काख, कोपर, मनगट, बोटं, गुडघ्यामागची खळगी. या जागी वण आखडला की सांधा पुरता उघडत नाही. डोक्यावरून सदरा काढता येत नाही, घास तोंडापर्यंत नेता येत नाही, विळा धरता येत नाही. ओढ सुरू झाली की लगेच दाखवायचं. सुरुवातीलाच गेलं तर फिजिओथेरपी आणि आधाराची पट्टी यावरही पुष्कळदा भागतं.

*दोन, डोळ्याजवळचा वण.* पापणी वर किंवा खाली ओढली जाऊन झोपेतही डोळा पुरता मिटत नसेल, तर बुबुळ कोरडं पडतं, त्यावर जखम होते आणि नजर कायमची जाऊ शकते. इथं महिने मोजत बसायचं नाही, दिवस मोजायचे. दाखवेपर्यंत डॉक्टरांनी दिलेले थेंब आणि मलम चुकवू नयेत.

*तीन, तोंड आणि मान.* हनुवटी छातीकडं खेचली गेली, तोंड पुरतं उघडत किंवा मिटत नाही, लाळ गळते, अशी लक्षणं असतील तर जेवणाचे, दातांचे आणि बोलण्याचे हाल होतात. शिवाय मान फार आखडलेली असेल तर भूल देताना घशात नळी घालणंही अवघड होतं. म्हणजे उशीर केला की ऑपरेशनचाच धोका वाढतो.

*चार, लहान मुलांचा कुठलाही आखडणारा वण.* याबद्दल पुढं सविस्तर.

*पाच, जुना वण जो पुन्हा फुटतो.* वीस-तीस वर्षांपूर्वी भाजलेल्या जागी जखम झाली आणि महिनाभरात भरली नाही, कडा उंच झाल्या, घाण वास येतो, रक्त येतं, फुलकोबीसारखी वाढ दिसते, तर तिथं कॅन्सर असू शकतो. जुन्या भाजल्याच्या वणात कातडीचा कॅन्सर होतो ही माहिती असलेली गोष्ट आहे आणि तो सरासरी तीसेक वर्षांनी दिसतो. "जुनंच आहे, चपलेनं घासलं असेल" म्हणून मलम लावत बसू नये. छोटा तुकडा काढून तपासला की निदान होतं आणि वेळेत काढला तर माणूस वाचतो.

*सहा, वण बरा पण खालचं काही तुटलेलं.* कडबाकुट्टीत किंवा विळ्यानं कापल्यावर वरची जखम शिवली जाते, पण बोट वळत नाही किंवा त्याला संवेदना नाही. याचा अर्थ आतली शीर किंवा नस तुटलेली असू शकते. ती पहिल्या काही दिवसांत जोडली तर निकाल चांगला येतो. महिन्यांनंतर काम अवघड होतं.

यात साप चावल्यानंतरच्या वणाचीही भर घालायला हवी. काही सापांच्या विषानं चावलेल्या जागची कातडी काळी पडून गळते. जीव वाचतो, पण हाताची किंवा पायाची मोठी जखम मागं राहते. तिलाही तीन आठवड्यांचा आणि सांध्याचा हाच नियम.

पोराचं हाड वाढतं, वण वाढत नाही

रांगणारं मूल गरम तव्यावर किंवा चुलीतल्या निखाऱ्यावर हात टेकवतं. तळहात भाजतो. लहान मुलाची कातडी पातळ असते, त्यामुळं थोड्या वेळातही इजा खोल जाते. जखम भरते, पण दोन-तीन महिन्यांत बोटं आतल्या बाजूला वळायला लागतात. मूल दुसऱ्या हातानं सगळं करायला शिकतं. त्याची तक्रार नसते, म्हणून घरच्यांनाही घाई वाटत नाही. "अजून लहान आहे, भूल सोसणार नाही, शाळेत जायला लागला की बघू," असा विचार होतो.

इथंच मोठी चूक होते. मुलाचं हाड दर महिन्याला वाढत असतं. निरोगी कातडी त्याच्याबरोबर ताणली जाते, वण ताणला जात नाही. त्यामुळं जी ओढ दोन वर्षांच्या मुलात थोडी असते ती सहाव्या वर्षी घट्ट होते. नुसती कातडीच नाही, आतल्या शिरा आखूड होतात, बोटांचे सांधे वाकड्या स्थितीत वाढतात. दहा-बारा वर्षांच्या मुलाची कातडी सोडवली तरी सांधा पुरता सरळ होत नाही, कारण तोवर आतलं सगळं त्या वाकड्या हाताला सरावलेलं असतं.

लहान मुलांना भूल देणं आज मोठ्या रुग्णालयांत रोजचं काम आहे. त्याची भीती असेल तर भूलतज्ज्ञाशी मोकळेपणानं बोलावं. एक गोष्ट मात्र आधीच समजून घ्यावी: मूल वाढत असताना एकाच ऑपरेशनवर भागेल असं नाही. उंची वाढली की पुन्हा ओढ येऊ शकते आणि पुन्हा एखादं ऑपरेशन लागू शकतं. याला पहिलं ऑपरेशन फसलं असं समजू नये. म्हणून मूल मोठं होईपर्यंत दर वर्षी एकदा दाखवत राहावं.

फुगलेला वण आणि केलॉइड यात फरक आहे

काही वण दोरीसारखे फुगतात. यात दोन प्रकार असतात आणि दोघांचा उपाय वेगळा आहे.

पहिल्या प्रकारात वण फुगतो, पण जखम जेवढी होती त्या हद्दीतच राहतो. हा बहुतेक वेळा वर्ष-दीड वर्षात स्वतःहून बसायला लागतो. दाब आणि मालिश यांचा त्याला चांगला उपयोग होतो.

दुसरा प्रकार म्हणजे केलॉइड. हा जखमेची हद्द ओलांडतो. कान टोचल्यावर पाळीला सुपारीएवढी गाठ येते, छातीवर एका पुळीच्या जागी खेकड्यासारखा वण पसरतो, खांद्यावर लस टोचलेल्या जागी गाठ होते. खाज आणि दुखणं असतं. हा आपोआप बसत नाही. तरुण वयात आणि सावळ्या कातडीच्या लोकांत तो जास्त दिसतो, काही घरांत आई-वडिलांकडून मुलांकडं येतो.

केलॉइड नुसता कापून काढणं ही सगळ्यात मोठी चूक. तो बहुतेक वेळा परत येतो आणि कधी आधीपेक्षा मोठा येतो. साधारणपणे त्यात दर चार ते सहा आठवड्यांनी स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात. गरज पडली तर काढतात, पण काढल्यावरही इंजेक्शन, दाब किंवा किरणांचा उपचार जोडीला देतात. ज्याच्या अंगावर एक केलॉइड आहे त्यानं हौसेनं कान-नाक टोचणं, गोंदवणं टाळलेलं बरं. तुरटी, चुना किंवा ॲसिड लावून गाठ जाळण्याचे प्रकार तर अजिबात करू नयेत.

थांबायचं म्हणजे हात बांधून बसायचं नाही

वण पिकण्याच्या वर्षभरात घरी करायचं काम भरपूर आहे आणि त्यावरच पुढं ऑपरेशन लागणार की नाही हे बऱ्याच अंशी ठरतं. हे सगळं जखम पूर्ण भरल्यावरच सुरू करायचं.

मालिश: साधं खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावून अंगठ्यानं गोल गोल, थोडा दाब देऊन, दिवसातून तीन-चार वेळा. नुसतं तेल चोपडून उपयोग नाही, दाबल्यावर वण क्षणभर पांढरट दिसला पाहिजे.

दाबाचे कपडे: मोठ्या भाजण्याच्या वणावर घट्ट ताणाचे मोजे, बाह्या किंवा जॅकेट मापानं शिवून देतात. ते अंघोळ आणि मालिशचा वेळ सोडून दिवसातले २३ तास घालायचे असतात. दोन-तीन महिन्यांत त्यांचा ताण जातो, मग नवीन घ्यावे लागतात. उन्हाळ्यात ते नकोसे होतात, पण अर्धवट वापरले तर पैसे वाया जातात.

सिलिकॉनची पट्टी किंवा जेल: पट्टी रोज किमान बारा तास, निदान तीन महिने. पट्टी धुऊन पुन्हा वापरता येते.

ऊन: नवीन वणावर ऊन पडलं की तो काळा पडतो. शेतात जाताना पूर्ण बाही, रुमाल, स्कार्फ वापरावा.

आधाराची पट्टी आणि व्यायाम: हे सगळ्यात महत्त्वाचं. भाजलेल्या माणसाला ज्या स्थितीत बरं वाटतं, त्याच स्थितीत अंग आखडतं. मान भाजलेल्याला उशी हवीशी वाटते, पण उशी दिली की हनुवटी खाली येते. म्हणून मान भाजली असेल तर डोक्याखाली उशी नको. काख भाजली असेल तर हात अंगापासून दूर, कोपर भाजलं असेल तर हात सरळ, तळहात भाजला असेल तर बोटं उघडी ठेवायची. रात्री झोपेत हात आपोआप आखडतो, म्हणून रात्रीची पट्टी चुकवायची नाही.

मेडिकलमधून आपल्या मनानं आणलेली गोरेपणाची क्रीम वणावर लावू नये. त्यातल्या काहींत स्टेरॉइड असतं आणि त्यानं कातडी पातळ होते.

ऑपरेशनमध्ये नेमकं काय करतात?

वण बारीक आणि दोरीसारखा ताणलेला असेल तर इंग्रजी झेड अक्षराच्या आकारात कापून दोन्ही बाजूंचे त्रिकोण अदलाबदल करून शिवतात. यानं दोरी मोडते आणि लांबी वाढते. ओढ मोठी असेल तर वण आडवा कापून सांधा मोकळा करतात. मग जी उघडी जागा तयार होते तिथं मांडीवरची पातळ कातडी लावतात. जिथं हाड किंवा शीर उघडी पडते तिथं रक्तपुरवठ्यासकट शेजारचा मांसाचा भाग वळवून बसवतात.

घरचे पुष्कळदा विचारतात, "माझी कातडी घ्या, पोराची नको." आईची असली तरी दुसऱ्याची कातडी कायमची टिकत नाही, शरीर ती काही आठवड्यांत टाकून देतं. स्कीन बँकेतली कातडीसुद्धा तात्पुरतं झाकण म्हणून वापरतात. कायमची कातडी स्वतःचीच लागते. मांडीवरची जी जागा सोलली जाते ती साधारण दोन आठवड्यांत भरते.

ऑपरेशन झालं म्हणजे काम अर्धंच झालं. लावलेली कातडीही आकसते. म्हणून पुढं तीन ते सहा महिने पट्टी, व्यायाम आणि मालिश करावंच लागतं. "ऑपरेशन केलं पण पुन्हा तसंच झालं" अशा तक्रारींमागं बहुतेक वेळा पट्टी लवकर सोडलेली असते. ऊसतोडीला किंवा कामावर जाणाऱ्या कुटुंबानं हे आधीच डॉक्टरांना सांगावं, म्हणजे ऑपरेशनची वेळ हंगाम बघून ठरवता येते. बिडी-तंबाखू ऑपरेशनच्या महिनाभर आधीपासून बंद हवी, कारण तिच्यामुळं रक्तपुरवठा कमी होऊन लावलेली कातडी मरू शकते. शुगर आटोक्यात हवी. डाळ, अंडी, शेंगदाणे, दूध असा भरीचा आहार हवा.

पैसे कुठून आणायचे?

भाजल्यानंतर आखडलेल्या सांध्याचं ऑपरेशन हे नटण्या-मुरडण्यासाठीचं ऑपरेशन धरलं जात नाही. महात्मा ज्योतिबा फुले जन आरोग्य योजनेत भाजलेल्या रुग्णांचे उपचार आणि हालचाल परत आणण्यासाठीची ऑपरेशनं बसतात. योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. योजनेतल्या रुग्णालयात दारातच आरोग्यमित्र बसतो. रेशन कार्ड, आधार कार्ड आणि जुने कागद घेऊन आधी त्याला भेटावं. आपल्या जिल्ह्यात कुठल्या रुग्णालयात ही सोय आहे ते १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या मोफत क्रमांकांवर विचारता येतं. नुसता रंग किंवा दिसणं सुधारण्यासाठीचा लेसर वगैरे उपचार योजनेत धरू नये, तो खर्च स्वतःचा.

वाट अशी धरावी: आधी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय, तिथून चिठ्ठी घेऊन जिल्हा रुग्णालय, आणि तिथं प्लास्टिक सर्जन नसेल तर सरकारी मेडिकल कॉलेज. पुण्याचं ससून, मुंबईचे केईएम, सायन, नायर आणि जे. जे., नागपूरचं मेडिकल या ठिकाणी प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत. ऐरोलीला खास भाजलेल्यांसाठी नॅशनल बर्न्स सेंटर आहे. खाजगीत जायचं असेल तर डॉक्टरांच्या पाटीवर प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. किंवा त्या तोडीची डीएनबी पदवी आहे का ते बघावं. नुसतं 'कॉस्मेटिक क्लिनिक' लिहिलं म्हणून तिथं सर्जन असतोच असं नाही.

जाताना चार प्रश्न लिहून न्यावेत. ऑपरेशननं हालचाल किती परत येईल? किती ऑपरेशनं लागतील? पट्टी किती महिने? आणि आत्ता न केल्यास काय होईल?

दिसण्याचा प्रश्न खोटा नाही

हालचालीवर इतका भर दिला म्हणजे चेहऱ्याच्या वणाचं दुःख किरकोळ आहे असं नाही. गालावर वण असलेली मुलगी शाळेत मागच्या बाकावर बसायला लागते, फोटोत येत नाही, लग्नकार्यात घरी थांबते. तरुण पोरगा नोकरीच्या मुलाखतीला जात नाही. वर्ष होऊन गेलं, वण पिकला आणि तरीही तो मनाला खात असेल, तर तेवढं कारणही सर्जनला दाखवायला पुरेसं आहे. त्यासाठी कुणाची परवानगी नको. काय जमेल आणि काय जमणार नाही हे ऐकून मग ठरवावं. मात्र "लग्न जमायचं म्हणून" महिन्याभरात घाईनं ऑपरेशन करून घेऊ नये. नवा वण पुन्हा लाल होतो आणि त्यालाही पिकायला वर्ष लागतं. अंथरुणाला खिळणं, झोप उडणं, जीव नकोसा वाटणं असं काही असेल तर तेही डॉक्टरांना सांगावं, त्यावरही उपचार आहेत.

मुळात वण कमी पडावा म्हणून

वण किती वाईट होणार हे पुष्कळसं पहिल्या अर्ध्या तासात ठरतं. भाजलं की लगेच नळाचं किंवा माठाचं साधं गार पाणी त्या जागेवर २० मिनिटं सोडत राहायचं. दोन मिनिटं नाही, घड्याळ लावून वीस. भाजून तीन तास होईपर्यंत याचा उपयोग होतो. बर्फ लावायचा नाही, त्यानं कातडी आणखी मरते. लहान मूल असेल तर बाकीचं अंग कोरड्या कपड्यात गुंडाळून ठेवावं, नाहीतर ते गारठतं. बांगड्या, अंगठ्या, करदोरा सूज यायच्या आधी काढावा. चिकटलेला कपडा ओढू नये.

टूथपेस्ट, शाई, हळद, शेण, बटाट्याचा कीस, तूप यातलं काहीही लावू नये. त्यानं उष्णता आत कोंडते, जखमेत जंतू जातात आणि डॉक्टरांना खोली कळत नाही. स्वच्छ सुती कपडा सैलसर टाकून दवाखाना गाठावा, १०८ ला फोन करावा. विजेचा धक्का बसला असेल तर आधी मेन स्विच बंद करावा, मगच माणसाला हात लावावा. विजेच्या भाजण्यात वरून डाग रुपयाएवढा आणि आतून पूर्ण हात जळालेला असू शकतो, म्हणून तो रुग्ण घरी ठेवायचाच नाही.

घरी करायची पाच मिनिटांची तपासणी

घरात कुणाला भाजल्याचा किंवा मोठ्या जखमेचा वण असेल तर आजच एवढं करून बघा.

दोन्ही हात कानाला लागतील असे वर करायला सांगा. मूठ घट्ट वळवून मग तळहात टेबलावर सपाट टेकवायला सांगा. मान वर करून आढ्याकडं बघायला सांगा. डोळे हलकेच मिटायला सांगा आणि फट राहते का बघा. तोंडात तीन बोटं उभी मावतात का बघा. जुन्या वणावर महिनाभरापासूनची जखम आहे का तपासा.

दोन्ही बाजू सारख्या चालत असतील आणि वण नुसता लाल, खाजरा असेल, तर मालिश चालू ठेवा आणि वर्षभर धीर धरा. एकही गोष्ट अडत असेल, तर मोबाइलवर त्या जागेचा फोटो तारखेसह काढून ठेवा आणि या आठवड्यातच सरकारी दवाखान्यात दाखवा. पुढच्या महिन्यात तोच फोटो पुन्हा काढला की ओढ वाढतेय की कमी होतेय हे डॉक्टरांनाही दाखवता येईल.